शेवट आधी सांगणाऱ्या अक्का

आमच्या गावात रहस्यकथा वाचून कुणी दचकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पुस्तक हातात पडायच्या आधीच खुनी कोण ते रुद्राणीअक्का सांगून टाकतात. वर, आता निवांत वाच, असा आशीर्वादही देतात.

आमचं गाव कवठगव्हाण, तालुका गंगाखेड. अहमदपूरच्या अंगाला जाणारी एसटी फाट्यावर सोडते, तिथून पुढे पायी यावं लागतं. वेशीतून आत शिरलं की आधी अक्कांची पिठाची गिरणी लागते आणि गिरणीच्या भिंतीला भिंत लावून सार्वजनिक वाचनालय. खोली ग्रामपंचायतीची, पुस्तकं अनुदानातली, आणि खुर्च्या कुणाच्या लग्नातून मागे राहिल्या ते आता कुणालाच आठवत नाही. या वाचनालयाचं एक मित्रमंडळ आहे. अक्का अध्यक्ष, मी सचिव, ग्रंथपाल परमेश्वर सदस्य, आणि चांगुणाबाई याही सदस्य, कारण मंडळ स्थापन झालं तेव्हा त्या दळणासाठी गिरणीत बसलेल्या होत्या. मी सचिव होण्याचं कारणही फार मोठं नाही. मी बी.ए. आहे आणि त्या दिवशी पेन माझ्याजवळ होतं. आमचे हे इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, म्हणून अक्का मला मास्तरीणबाई म्हणतात. मी मास्तरीण नाही, मास्तरांची बायको आहे, असं सांगून पाहिलं. त्यावर अक्का म्हणाल्या, "एकाच घरातलं हाय ना?"

अक्का साठी ओलांडलेल्या, अंगानं उंच. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, आणि दुपारनंतर त्यातली विभूती कुठे संपते आणि पीठ कुठे सुरू होतं हे त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही. आवाज म्हणाल तर गिरणी चालू असताना बोलायची जन्माची सवय, त्यामुळे गिरणी बंद असली तरी आवाज तोच. त्या कुजबुजल्या तरी वेशीबाहेरच्या बैलाचे कान हलतात. आमच्या मंडळाच्या सभेची सूचना काढावी लागत नाही. अक्का परमेश्वरला म्हणतात, उद्या बसू, आणि सगळ्या गावाला कळतं.

त्यांचे मालक गेले, एकुलता मुलगा शिवकांत नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि लाईट जाऊन गिरणी थांबली की करायचं काय हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा त्या शेजारच्या खोलीत जाऊन बसू लागल्या आणि वाचू लागल्या. वाचायची त्यांची स्वतःची पद्धत आहे. आधी शेवटचं पान. मग सुरुवात. मधलं लाईट गेली तर. आपल्याकडचं लाईटीचं एकूण बघता अक्कांची बरीच पुस्तकं पूर्ण वाचून झालेली आहेत.

शेवट सांगण्यावरून मी एकदा त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेले होते. माझी मधुवंती सातवीत आहे. शाळा सुटली की ती वाचनालयात जाऊन बसते. एक दिवस डोळे पुसत घरी आली. मला वाटलं पडली, विंचू चावला, कुणी काही बोललं. तर गोष्टीतलं कुत्रं शेवटी मरतं असं अक्कांनी पुस्तक देतानाच सांगितलं होतं. मी तावातावानं गेले. अक्का डब्यात पीठ भरत होत्या. म्हणाल्या, "मास्तरीणबाई, कुत्रं मरणारच हाय. तिनं आज रडून घेतलं. आता उद्यापासून त्या कुत्र्यावर नीट माया करंल."

मी परत आले आणि विचार करता करता मला ते पटलंच. मुलगी सहलीला गेली की गाडी परत आलेली दिसेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. कुणी सकाळीच येऊन सांगितलं असतं की बाई, सहल सुखरूप परत येते, तर मीही दोन घास नीट खाल्ले असते. तेव्हापासून मी अक्कांच्या बाजूची. शिवाय माझा एक स्वार्थ आहे. माझ्या स्वयंपाकघरात गिरणीचा आवाज येतो. आवाज येतोय म्हणजे अक्का जागेवर, अक्का जागेवर म्हणजे त्यांची एक नजर दारातून वाचनालयात, म्हणजे मधुवंती जागेवर. गिरणी थांबली की मी गॅस बारीक करून ओट्यावरून डोकावते.

तर अशा या खोलीवर उपसरपंच आबासाहेबांची नजर पडली. माणूस वाईट नाही. गावातल्या पोरांसाठी त्यांनी खटपट करून व्यायामशाळेचं सामान मंजूर करून आणलं. सामान आलं, पण ठेवायला जागा नाही. मग ते पंचायतीच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिलं. पळायच्या यंत्रावर कुणी मिरच्या वाळत घातल्या, आणि वजनं उचलायच्या बाकड्यावर एक शेळी कायमची राहायला आली. आबासाहेब रोज ते बघायचे आणि त्यांचा जीव तुटायचा. शेवटी ग्रामसभेत ते उभे राहिले. म्हणाले, वाचनालयात माणूस नावाला दिसत नाही, पंखा परमेश्वरला वारा घालतो आणि परमेश्वर झोपतो, त्यापेक्षा ती खोली पोरांना द्या.

अक्कांनी विरोध केला. बाचाबाची झाली आणि शेवटी तोडगा निघाला, तो असा: परभणीहून वाचनालयाच्या तपासणीला साहेब येतात. यंदा ते म्हणाले वाचनालय चालू आहे, तर खोली वाचनालयाची. बंद म्हणाले, तर व्यायामशाळेची. दोन्ही बाजूंनी मान डोलावली.

सभा संपली तेव्हा अक्का गप्प होत्या. हे इतकं विचित्र होतं की मी घाबरून त्यांच्या मागेमागे गिरणीपर्यंत गेले. तिथे त्यांनी मला सांगितलं. शिवकांत केव्हाचा मागे लागला आहे की आई, आता एकटी राहू नकोस, पुण्याला चल. फ्लॅट सहाव्या मजल्यावर, खाली बाग, सकाळी बागेत फिरायचं आणि दिवसभर टीव्ही बघायचा. अक्का प्रत्येक वेळी एकच कारण देत आल्या होत्या: माझ्यावर वाचनालयाची जबाबदारी आहे, मी अध्यक्ष आहे. शिवकांतही शब्दाचा पक्का. तो म्हणाला होता, ठीक आहे, ज्या दिवशी वाचनालय बंद होईल त्या दिवशी गाडी घेऊन येतो.

"सहाव्या मजल्यावर मी काय दळू?" अक्का म्हणाल्या.

मला लगेच दिसायला लागलं: अक्का गॅलरीत उभ्या आहेत, इथली गिरणी बंद आहे, आणि माझी मधुवंती शाळा सुटल्यावर कुठे आहे हे मला कळायला मार्ग नाही.

मंडळाची सभा बसली. माणसं वाचनालयात येत नाहीत, काय करावं? मी पत्रकं काढायचं सुचवलं. परमेश्वरनं एक जांभई सुचवली. अक्का म्हणाल्या, "माणूस येईना गेलाय, तर पुस्तक जाऊ द्या. पीठ जातंयच की घराघरात."

आणि ते सुरू झालं. ज्याचा डबा दळणाला येईल, त्याच्या डब्यात पिठावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून एक पुस्तक. डब्याच्या झाकणावर खडूनं पुस्तकाचा नंबर. पुढच्या दळणाला पुस्तक परत आलं तर दुसरं, नाही आलं तर नाही. कुणाला काय द्यायचं हे मी किंवा परमेश्वरनं ठरवायचं काम नव्हतं, ते धान्यावर ठरे. ज्वारीचा मोठा डबा आणणारा लवकर परत येत नाही, म्हणून त्याला जाडजूड कादंबरी. गहू दळला म्हणजे घरी पाहुणे, त्यांना हलकंफुलकं, पाहुण्यांतही फिरेल असं. डाळीचं पीठ दळलं म्हणजे घरात कार्य आहे, कुणाला वाचायला सवड नाही, त्यांना कवितांचं बारीक पुस्तक. आणि जनावरांसाठी भरडा काढणाऱ्याला शेळीपालन. एका कवितावेड्या तरुणानं केवळ कविता मिळाव्यात म्हणून आठवडाभर घरच्यांना पिठलं खायला घातलं, पण ज्वारीवर कविता द्यायला अक्का तयार झाल्या नाहीत.

घोटाळे झाले. गावात डबे इकडून तिकडे जातात. पाहुणे आले की शेजारणीचा डबा आणायचा, हे चालतंच. त्यामुळे सुखी संसाराचं पुस्तक एका ब्रह्मचारी म्हाताऱ्याकडे गेलं आणि तो बरेच दिवस उदास होता. एक भुताची कादंबरी आमच्या डब्यात आली. मी ती मधुवंतीच्या हाती लागू नये म्हणून तुरीच्या पोत्यामागे लपवली, तर दुसऱ्या दिवशी आमचे हे पोत्यामागे बसून वाचताना सापडले.

सगळ्यात मोठी गंमत चांगुणाबाईंची झाली. त्यांना अक्षर ओळखता येत नाही. त्यांच्या डब्यात चुकून शेतीच्या वाटण्यांच्या कायद्याचं जाड पुस्तक आलं. त्यांचे दोघे मुलगे वर्षभर वाटणीसाठी भांडत होते. चांगुणाबाईंनी ते पुस्तक नुसतं मांडीवर उघडून ओसरीवर बसायला सुरुवात केली. अधूनमधून पान उलटायच्या आणि हुंकार द्यायच्या. आई काय वाचायली, कुणी शिकवलं, त्यात काय लिहिलंय, हे मुलांना कळेना. थोड्याच दिवसांत एक मुलगा सकाळचा चहा आणून देऊ लागला आणि दुसरा संध्याकाळी पाय चेपू लागला. मग चांगुणाबाईंनी ते पुस्तक परत करायचं नावच टाकलं. दळणालाही दुसऱ्याचा डबा घेऊन येऊ लागल्या.

असे महिने गेले. लोक वाचत होते. आम्ही खूश होतो. आणि मग येळवसेच्या दोन दिवस आधी परमेश्वरला फोन आला की तपासणीचे साहेब उद्या दुपारच्या आत येतायत.

आम्ही खोली उघडली आणि दारातच उभे राहिलो. कपाटं रिकामी होती. अगदी धुवून ठेवल्यासारखी. इतक्या दिवसांत एकदाही आम्ही कपाटांकडे बघितलं नव्हतं, कारण येणारं पुस्तक गिरणीतूनच पुढच्या डब्यात जात होतं. खालच्या फळीवर काही जुने अहवाल, एक टेलिफोनची जाड डिरेक्टरी आणि मेंढ्यांच्या रोगांवरचं एक पुस्तक होतं. गावात मेंढ्या नाहीत, नाहीतर तेही गेलं असतं. खोलीत मधुवंतीशिवाय माणूसही येत नव्हता, कारण पुस्तक घरपोच मिळत असताना खोलीत येईल कोण? आम्ही वाचनालय इतकं चांगलं चालवलं होतं की ते बंद पडलेलं दिसत होतं.

शाळेतली पुस्तकं आणून कपाटात लावू या, मी म्हटलं. परमेश्वर म्हणाला, शाळेतली पोरंही आणून बसवू, हातात पेपर देऊ.

"खरे वाचणारे गावभर पसरलेत," अक्का म्हणाल्या, "आन तुमी भाड्यानं आणायला निघालाव."

पण ते खरे वाचणारे उद्या दुपारच्या आत इथे येणार कसे? पंचायतीचा भोंगा आबासाहेबांच्या हातात. घरोघर फिरायचं तर शेतवस्त्या लांबलांब पसरलेल्या. अक्का गिरणीकडे गेल्या, चक्की फिरवणारा पट्टा उतरवला, घडी करून काखेत मारला आणि घरी निघून गेल्या.

इथे येळवस काय ते सांगायला हवं. मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडे गावात माणूस राहत नाही. सगळे शेतात, कडब्याच्या कोपीत पूजा, बाजरीचे उंडे, सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी आणि माठात आंबील. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं. पण आंबील लावायची आदल्या दिवशी, ज्वारीच्या पिठाची, आणि उंड्यांनाही पीठ ताजं हवं. म्हणजे येळवसेचा आदला दिवस हा गिरणीचा दिवस. त्या दिवशी सकाळी गावातली झाडून सारी घरं डबा घेऊन वेशीत येतात. आणि नेमका तोच दिवस तपासणीचा होता.

सकाळी बायका आल्या तेव्हा अक्का गिरणीच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या होत्या, मांडीवर तो पट्टा. पहिल्या बाईनं डबा पुढे केला. अक्का म्हणाल्या, "पुस्तक आण, मग दळण."

बाईला वाटलं गंमत आहे. मग दुसरीलाही तेच सांगितलं, तिसरीलाही. कुणाचं पुस्तक माहेरी गेलेलं, कुणाचं सासऱ्यांच्या हातात, ते सोडायला तयार नाहीत. कुणी म्हणालं, सणाच्या तोंडावर हे काय खूळ. आवाज वाढले. मी मध्ये पडून समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण माझा आवाज मलाच ऐकू येईना. तेवढ्यात आबासाहेब आले. त्यांनी रांग बघितली, अक्कांच्या मांडीवरचा पट्टा बघितला आणि चेहरा असा उजळला की जणू व्यायामशाळेचं उद्घाटनच झालं. शेजारच्या गावातही गिरणी आहे, म्हणाले. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, सगळे डबे ट्रॉलीत चढवले, बायकांना घरी जाऊन भाज्या निवडा म्हणून सांगितलं, आणि ट्रॅक्टर धूळ उडवत गेला. वेस रिकामी झाली. रांगेच्या जागी एक कोंबडी राहिली.

अक्कांनी कमरेचा मोबाईल काढला. शेजारच्या गावातली गिरणी त्यांचा धाकटा भाऊ चंद्रप्पा चालवतो. चंद्रप्पाअप्पांनाही आता नातवंडं आहेत, पण अक्कांचा फोन आला की ते उभे राहून बोलतात. अक्का एवढंच म्हणाल्या की माझ्या गावचे डबे यायलेत, आणि फोन ठेवला.

मी विचारलं, दळू नको असं म्हणाला नाहीत ते? अक्का म्हणाल्या, कळतंय त्याला. मला काही ते कळलं नाही. मला फक्त हे कळत होतं की डबे गेले, बायका गेल्या आणि फाट्याकडून एक मोटारसायकल येत होती.

साहेब हडकुळे, स्वेटर घातलेले, बोलायला मऊ. आबासाहेब त्यांना घेऊनच खोलीत शिरले. साहेबांनी कपाटं बघितली, डिरेक्टरी उघडून बंद केली, मेंढ्यांच्या रोगांवर जरा वेळ थांबले. मग पुस्तकं कुठे आहेत असं विचारलं. लोकांकडे, परमेश्वर म्हणाला. नोंद कुठे आहे? डब्यांवर, मी म्हटलं. आणि डबे? डबे शेजारच्या गावी गेलेत. हे बोलताना मला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि कागद काढला. आबासाहेब हळूच म्हणाले की लपवण्यासारखं काहीच नाही, खोली बघताय तशी आहे.

तेव्हा अक्का दारात आल्या. "साहेब, पुस्तकं यायलेत. चहा होईपर्यंत बसा," म्हणाल्या आणि त्यांना गिरणीत नेऊन बसवलं. गल्ल्याखालून एक रहस्यकथा काढून हातात दिली. साहेब चाळू लागले. अक्कांनी सवयीनं तोंड उघडलं. मी त्यांचा दंड इतक्या जोरात दाबला की बांगडी रुतली. साहेबांसमोर शेवट सांगितला असता तर होता नव्हता तो मान गेला असता. अक्कांनी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा एक शेवट त्यांनी गिळला. तो बराच वेळ खाली उतरत नव्हता, हे त्यांच्या गळ्याकडे बघून समजत होतं.

चहा झाला. साहेब दोनदा घड्याळाकडे बघून पुन्हा पुस्तकात शिरले. आणि मग ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉली भरलेली होती. डबे जसे गेले तसेच परत आले होते, दाणान् दाणा आख्खा. ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं की चंद्रप्पाअप्पांनी झाकणावरचे खडूचे आकडे बघितले आणि हात जोडले. हे डबे मी दळले तर येळवसेला मला कुणी कोपीत घेणार नाही, म्हणाले.

डबे घरोघर उतरले आणि मग गाव हललं. भाजी निवडायची सोडून बायका पुस्तकं शोधायला लागल्या. पुस्तकं उशाखालून निघाली, धान्याच्या कोठीतून निघाली, एक देव्हाऱ्यातून निघालं, कारण घरातल्या म्हातारीला ते पोथी वाटलं होतं. हळदीचे डाग पडलेली, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली, पिठानं पांढरी झालेली पुस्तकं डोक्यावरच्या डब्याबरोबर वेशीत येऊ लागली. अक्कांनी पट्टा चढवला. परमेश्वर झाकणावरचा नंबर वाचून पुस्तक कपाटात लावायला लागला. इतका जागा मी त्याला त्याआधी पाहिलेला नाही.

साहेब उठून रांगेजवळ गेले आणि एकेकाला विचारू लागले की पुस्तकात काय आवडलं. पहिला म्हणाला, शेवटी ती नांदायला जाते. दुसरीनं सांगितलं की तो परत येतो, पण आंधळा होऊन. तिसरा म्हणाला, म्हातारा मरतो, पण सुखानं मरतो. साहेब जरा गोंधळले. सगळेजण शेवटच का सांगतायत असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, इथली वाचनाची परंपरा आहे.

चांगुणाबाई पदराखाली कायदा लपवून आल्या. पोरांनी बघायच्या आत कपाटात ठेवा, नाहीतर उद्यापासून चहा बंद होईल, म्हणाल्या. साहेबांना वाटलं वाटण्यांच्या कायद्यावर त्यांचं काही मत असेल. त्यांनी आदरानं विचारलं. चांगुणाबाई म्हणाल्या, लय गुणकारी पुस्तक आहे, उघडलं तरी पुरतं.

आणि मग आबासाहेबांच्या घरून डबा आला. वहिनी स्वतः घेऊन आल्या होत्या. डब्याबरोबर एक रहस्यकथा. "ह्यांच्याकडून काढून आणली," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "रातच्याला जेवण गार व्हायलंय, पण पुस्तक खाली ठेवीना गेलेत." आबासाहेब आभाळाकडे बघू लागले. ते स्वतः कधी डबा घेऊन येत नसल्यामुळे या गावात शेवट माहीत नसताना रहस्यकथा वाचणारे तेवढे एकटेच होते. आता थोडीच पानं राहिलीत, एवढी संपवून देतो, असं ते पुटपुटले.

अक्कांनी गिरणी चालू ठेवूनच सांगितलं, "धाकट्या भावजयीनं इख घातलंय, आबासाहेब." वेशीपर्यंत ऐकू गेलं. आबासाहेब ओट्यावर बसले. मला त्यांची खरोखर दया आली.

कपाटं भरली. पूर्ण नाहीत, पण भरली. ऊन कलायला लागलं तरी साहेब गिरणीतच त्याच खुर्चीवर होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, हातात अक्कांनी दिलेलं पुस्तक, बोट पानात. शेवटचा डबा दळून झाला आणि गिरणी थांबली. त्या शांततेत साहेब भानावर आले, स्वेटर झटकला आणि निघतो म्हणाले. मी निकाल विचारला. ते म्हणाले की अहवाल परभणीला जाईल, वर जाईल, मग लेखी कळवतील. आधी सांगायची पद्धत नाही.

अक्कांचा चेहरा उतरला. शिवकांत दुसऱ्या दिवशी सकाळी येळवसेला येणार होता, गाडी घेऊन. तो काय विचारणार हे माहीत होतं. लेखी कळेपर्यंत त्या सहाव्या मजल्यावर बसलेल्या असत्या.

त्या साहेबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, मला शेवट माहीत नसला की झोप येत न्हाई."

साहेब हसले. नाईलाज आहे, म्हणाले.

"मग ऐका," अक्का म्हणाल्या. "तुमच्या हातातल्या पुस्तकात खून केलाय तो..."

साहेबांनी पुस्तक छातीशी धरलं, दुसरा हात वर केला आणि घाईघाईनं म्हणाले, "खोली राहील. वाचनालय चालू आहे. पुढचं सांगू नका."

मग अक्का आत गेल्या आणि खडू घेऊन आल्या. साहेबांकडे डबा नव्हता, म्हणून त्यांनी पुस्तकाचा नंबर त्यांच्या हेल्मेटवर घातला. फाट्यापर्यंत तो दिसत होता.

आता एक गोष्ट सांगायची आहे. मधुवंती झोपली, दाराची कडी मी दोनदा बघून आले, आणि तरीही ती लिहावी की नाही हे ठरत नव्हतं. पुस्तक एसटीच्या कंडक्टरबरोबर परत आलं त्या दिवशी साहेबांचा मला फोन आला. मॅडम, म्हणाले, ते पुस्तक मी कॉलेजात असतानाच वाचलं होतं. खून डॉक्टरनं केलाय. पण अक्कांना सांगू नका, त्यांना जिंकल्यासारखं वाटू द्या. मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते आहे, ते मुद्दाम शेवटाच्या जरा अलीकडे. अक्का हे नक्की वाचतील, पण त्या शेवट आधी वाचतात, मग सुरुवात, आणि इथवर लाईट गेली तरच पोचतील. तेवढ्यापुरती लाईट टिकावी, एवढीच माझी इच्छा आहे.

येळवसेला शिवकांत आला. कोपीत बसून आंबील प्यायला, उंडे खाल्ले, आणि जरा वेळानं वाचनालयाचं विचारलं. अक्कांनी उत्तर न देता भज्जीची वाटी पुढे सरकवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. सचिव सांगतील, म्हणाल्या. मी उभी राहून सांगितलं. निघताना त्याच्या गाडीत ज्वारीच्या पिठाचा डबा ठेवलेला होता, आत पिशवीत गुंडाळलेली जाड कादंबरी, झाकणावर नंबर. पुस्तक परत आणायला पुन्हा यावं लागेल असं अक्कांनी त्याला बजावलं आणि गाडी सुरू व्हायच्या आत कादंबरीचा शेवटही सांगून टाकला. आबासाहेबांच्या सामानाला आता शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जागा मिळाली आहे. शेळी मात्र बाकड्यावरून उठायला तयार नाही.

अक्का, शेवट असा आहे: तुम्ही इथेच राहता. मधुवंती रोज संध्याकाळी तुमच्या नजरेसमोर बसते, आणि मला माझ्या स्वयंपाकघरात गिरणीचा आवाज येत राहतो. आता निवांत वाचा.